आर्चेस नॅशनल पार्क: एक अख्खा दिवस नको, दोन अर्धे दिवस द्या

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय: मेच्या अखेरीस आम्ही दिराकडे डेन्व्हरला जातोय. तिथून युटाहमधलं आर्चेस नॅशनल पार्क बघायचा बेत आहे. सोबत सासूबाई आहेत, वय ७१, गुडघे दुखतात. आणि सात वर्षांचा मुलगा. दिरांनी एक दिवस रजा काढलीय. एका दिवसात होईल ना? उन्हाचं काही वाटत नाही, गोव्याचीच माणसं आम्ही. आणि आमचे यजमान म्हणतात, शेवटी दगडच ना ते, त्यासाठी एवढी गाडी हाकायची?

ताई, दगड हा माझा धंदा, त्यामुळे यजमानांच्या प्रश्नाला आधी हात घालायचा मोह होतोय. पण पहिलं ऊन. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंत, आणि सगळ्या प्रश्नात मला तेवढ्याच वाक्याची काळजी वाटली. "आम्ही गोव्याचे, आम्हाला उन्हाचं काय" असं मी स्वतःही म्हटलं होतं.

एकतीस वर्षं मी डिचोली आणि सांग्याच्या खाणींवर भूवैज्ञानिक होतो. एप्रिल-मेच्या भर दुपारी बेंचवर (खाणीत खणलेल्या पायरीवर) उभं राहून सॅम्पल गोळा करायचे, डोक्यावर हेल्मेट, पायात गमबूट, खालून लाल फुफाटा. २०१२ला खाणी बंद पडल्या तशी माझी नोकरीही आटोपली आणि लेकीकडे सॉल्ट लेक सिटीला जायला सवड मिळाली. आतापर्यंत चार वेळा आर्चेस बघून झालंय. पहिली खेप जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. लेकीने सांगितलं होतं, बाबा, पहाटे निघूया. मी म्हटलं, चहा-नाश्ता करून निघू, घाई काय आहे! पार्कात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

डेलिकेट आर्च म्हणून जी प्रसिद्ध कमान आहे (युटाहच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर तिचं चित्र असायचं), तिची वाट जाऊन-येऊन पावणेपाच किलोमीटरची. चढ साधारण दीडशे मीटर. खाणीत मी एवढं नाश्त्याआधी चालायचो. अर्ध्या लिटरची एक बाटली उचलली आणि निघालो.

थोडं पुढे गेलं की वाट संपते आणि नुसता उघडा खडक सुरू होतो. एकच एक लांबलचक, तिरपी लादी. झाड नाही, सावली नाही. मला मात्र मजेत वाटत होतं, आणि घोळ तिथेच झाला. शर्ट कोरडा होता. आपल्याकडे मेमध्ये दहा पावलं टाकली की पाठ भिजते, गंजीफ्रॉक अंगाला चिकटतो, आणि पाणी पी म्हणून कुणी सांगावं लागत नाही. तिथे तसं काहीच होत नव्हतं. मी लेकीला म्हणालोसुद्धा, हवा काय छान कोरडी आहे बघ, घामच येत नाही. घाम येत होता, पण कातडीवर दिसायच्या आत उडून जात होता. मान पुसायला कॉलरला हात लावला तर ती खरखरीत लागली. बघतो तर मीठ. निळ्या शर्टावर काखेपासून कमरेपर्यंत पांढऱ्या रेघाच रेघा, उन्हाळ्यात आपल्या मिठागरांच्या बांधांवर दिसतात तशा. तोवर डोकं ठणकायला लागलं होतं, जीभ टाळूला चिकटली होती आणि बाटली कधीच संपली होती. खाली उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याने मला दगडाच्या चिमूटभर सावलीत बसवलं, खारी बिस्किटं दिली, आणि त्या बाईंनी आपली बाटली माझ्या हातात देऊन घोट घोट घ्यायला लावलं. कमानीखालचा माझा त्या दिवशीचा फोटो घरी आहे. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

तेव्हा अंग भिजायची वाट बघू नका. घड्याळ बघून पाणी प्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, तहान असो नसो. माणशी दिवसाला चार लिटर धरा. आत पाणी मिळतं ते दोनच ठिकाणी: फाटकापाशी माहिती केंद्रावर, आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला डेव्हिल्स गार्डनला. मध्ये एकोणतीस किलोमीटर काही नाही. कॅन्टीन नाही, शहाळंवाला नाही, बिस्किटाचा पुडासुद्धा मिळणार नाही. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ जातं ते भरून काढावं लागतं. मी सोलांचं (कोकमाचं) आगळ नेतो. साखर-मीठ घालून बाटलीत कालवलं की काम होतं. लेकीच्या अमेरिकन मैत्रिणीही आता मागून घेतात. सासूबाई रक्तदाबाची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारून ठेवा, त्यातल्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अंगातलं पाणी आणखी कमी होतं. औषधं गाडीत ठेवू नका. बंद गाडी तिथे भट्टीसारखी तापते.

या भागात वर्षाला पाऊस पडतो २०० ते २५० मिलिमीटर. म्हणजे आपल्या पणजीत जुलैच्या एका आठवड्यात पडतो तेवढा त्यांचा अख्ख्या वर्षाचा. समुद्रसपाटीपासून उंची साडेबाराशे ते सव्वासतराशे मीटर, त्यामुळे ऊन बोचतं आणि रात्री मात्र गारठा. दिवस-रात्रीत वीस-बावीस अंशांचा फरक पडतो. सासूबाईंची शाल घ्याच.

आता एका दिवसाचं. डेन्व्हर ते मोआब (पार्काजवळचं गाव, फाटकापासून आठ किलोमीटर) हे अंतर साधारण ५७० किलोमीटर, म्हणजे आपलं पणजी-मुंबई. रस्ता उत्तम, तरी साडेपाच-सहा तास जातात, आणि मध्ये रॉकी पर्वतातला आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे सासूबाईंना जरा धाप लागली तर घाबरू नका, उतरलं की बरं वाटतं. सकाळी निघून दुपारी दोनला पार्कात शिरायचं, चार ठिकाणी गाडीतून उतरून फोटो काढायचे आणि रात्री परत फिरायचं, असा बेत दिरांच्या डोक्यात असेल तर तो रद्द करा. वाईटात वाईट तास तेवढे तुमच्या वाट्याला येतील, आणि यजमान म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हतो, दगडच!

त्याऐवजी एक रात्र मोआबला राहा. दुपारी पोचा, खोलीत एसी लावून आडवे व्हा. गोव्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात म्हणून बाहेरची माणसं आपल्याला हसतात. आर्चेसला तोच नियम डोळे मिटून पाळायचा. पाचला उठून चहा घ्या आणि पार्कात जा, अंधार पडेपर्यंत राहा. त्या दिवसांत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेतीन तास आरामात मिळतात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या आधी, साडेपाचला, पुन्हा आत. साडेदहाला बाहेर. न्याहारी करून परतीची वाट. पार्क चोवीस तास उघडं असतं, याचा फायदा घ्या.

दिवस ठरवताना मे महिन्याचा शेवटचा सोमवार टाळा. त्यांची मेमोरियल डेची सुट्टी असते, जोडून आलेला शनिवार-रविवार धरून अख्खी अमेरिका तिथे येते. आपल्या कळंगुटला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतं तसं. गर्दीमुळे २०२२पासून काही वर्षं एप्रिल ते ऑक्टोबर वेळ ठरवून आगाऊ तिकीट काढावं लागायचं, सकाळी सातच्या आधी आणि दुपारी चारनंतर मात्र तशी अट नव्हती. हे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून निघायच्या महिनाभर आधी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर दिरांना बघायला सांगा. मोआबची खोली तर आजच बघायला सांगा. पार्कात हॉटेल नाही, तंबूवाल्यांसाठी ५१ जागा आहेत तेवढ्याच, आणि त्या कधीच भरून जातात.

संध्याकाळी विंडोज भागात जा. फाटकातून वळणं वळणं घेत रस्ता वर चढतो, डाव्या हाताला उंच भिंती, मग उजवीकडे बॅलन्स्ड रॉक दिसतो: दगडाच्या मानेवर ठेवलेला दगड, एकूण उंची ३९ मीटर, वरचा धोंडा एकटाच १७ मीटर. गाडीतून उतरलं की समोरच. सासूबाईंना कट्ट्यावर बसवा, तुम्ही त्याला फेरी मारून या, दहा मिनिटांचं काम. पुढे विंडोजला दोन मोठ्या कमानी, आणि पलीकडे डबल आर्च. एका बुडातून निघालेल्या दोन कमानी, त्यातली मोठी ३४ मीटर उंच. तिथवरची चाल जवळजवळ सपाट आहे, जाऊन-येऊन एक किलोमीटर. काठी असेल तर सासूबाई हळूहळू जातील. नाहीच जमलं तरी गाडीतळावरूनही दिसते.

डेलिकेट आर्च त्यांना लांबून दाखवा. खालचा व्ह्यूपॉइंट गाडीतळापासून चार पावलांवर, रस्ता सपाट, चाकाची खुर्चीही जाते. खरं सांगायचं तर तिथून ती अंगठ्याच्या नखाएवढी दिसते, म्हणून दुर्बीण न्या. वर चढून जायचं तर तुम्ही आणि यजमान पहाटे जा. मुलाला न्यायला हरकत नाही, सात वर्षांची मुलं चढतात, फक्त शेवटचे दीड-दोनशे मीटर कड्याच्या अंगाने कोरलेली वाट आहे आणि तिला कठडा नाही. तिथे त्याला भिंतीच्या बाजूने चालवा, हात सोडू नका. चपला घालून कुणीही जायचं नाही. खडक गुळगुळीत दिसला तरी पाय चांगला धरतो, पण बुटांचा तळ चरे असलेला हवा. बाकी फायरी फर्नेस नावाची एक दगडी भूलभुलैया आहे, ती रेंजरबरोबर (पार्कच्या रक्षकाबरोबर) किंवा परवाना काढूनच करता येते. तुमच्या मंडळींना घेऊन त्या भानगडीत पडू नका.

आता यजमान.

वाळवंट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून आधी आमची साखळीची वाळवंटी नदीच येते. नदीकाठची मऊ वाळू. त्यामुळे पहिल्यांदा मीही वाळूचे डोंगर शोधत होतो. आर्चेसला वाळू आहे, पण दगड झालेली. आणि तिला तो आकार वाऱ्याने दिला असं सगळ्यांना वाटतं, चुकीचं आहे ते. वाऱ्याचं काम तिथे फार थोडं. कोरीवकाम पाण्याने केलंय, जिथे पाणी मिळत नाही म्हणून मी वर एवढा घसा कोरडा केला तिथे.

गोष्ट मिठापासून सुरू होते. तीसेक कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्राचं पाणी यायचं आणि आटायचं, पुन्हा यायचं आणि आटायचं. खाली मिठाचे थर साचले, ठिकठिकाणी शेकडो मीटर जाडीचे. त्यावर पुढे कोट्यवधी वर्षं वाळू, माती, गाळ बसत गेला आणि त्याचा दगड झाला. मीठ हा दगडासारखा दिसणारा पण दगडासारखा न वागणारा पदार्थ आहे. वरून वजन पडलं की तो सरकतो. मोदकाची उकड मुठीत दाबली की बोटांच्या फटींतून वर येते ना, अगदी तसं. मीठ वर फुगलं, त्याच्या पाठीवरचा वालुकाश्म वाकला आणि एकाशेजारी एक अशा समांतर भेगांनी तडकला. मग पाणी आत शिरलं, खालचं मीठ विरघळलं, मधला भाग खचला, भेगा रुंदावल्या. उरल्या त्या उंच, पातळ, उभ्या भिंती. पदेराकडच्या पावाचे काप ताटात उभे करून ठेवावेत तशा. त्यांना तिथे फिन म्हणतात, माशाचे पर.

या भिंतींच्या बुडाशी बऱ्याच ठिकाणी जरा मऊ, खडबडीत थर आहे आणि वर घट्ट वालुकाश्म. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून ठेवणारा चुना ते हळूहळू विरघळवतं. हिवाळ्यात भेगेतलं पाणी रात्री गोठतं, फुगतं, भेग ताणते. सकाळी वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. एक दिवस खपली पडते. भिंतीला आरपार भोक पडलं की झाली कमान. कुठल्याही एका बाजूने तीन फूट भोक असलं तरच ते मोजणीत धरतात, आणि तसं मोजूनही दोन हजारांहून जास्त कमानी भरल्यात. ३१० चौरस किलोमीटरांत! म्हणूनच १९२९ साली हा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून राखला गेला आणि १९७१ला नॅशनल पार्क झाला.

सकाळी डेव्हिल्स गार्डनच्या टोकाला लँडस्केप आर्च बघा. जाऊन-येऊन तीन किलोमीटरांची सोपी वाट. ९३ मीटरांचा पल्ला. एका फुटबॉलच्या मैदानाएवढी लांब दगडी फीत हवेत टांगलेली. १९९१च्या सप्टेंबरात तिच्या पोटाखालून अठरा मीटर लांबीचा तुकडा सुटून पडला. खाली माणसं होती, कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून कमानीखालची वाट बंद केलीय. माझं सारं आयुष्य बेंचच्या उभ्या भिंती बघण्यात गेलं, कुठे भेग आली, कुठून पाणी पाझरतंय, उद्या कुठला तुकडा खाली येईल. ही कमान आमच्या खाणीत असती तर मी तिच्या शंभर मीटरांत माणूस फिरकू दिला नसता. तिथे कठड्याला टेकून अर्धा तास नुसती बघत होतो. त्याच वाटेवर वॉल आर्च नावाची आणखी एक होती. २००८च्या ऑगस्टमध्ये एका रात्री कोसळली, कुणी बघितलं नाही, सकाळी वाटेवर दगडांचा ढीग. उलट स्कायलाइन आर्चमधून १९४०ला मोठा धोंडा निसटला आणि तिची खिडकी जवळपास दुप्पट झाली. आपण एका चालू कामाच्या मध्ये शिरून फोटो काढतोय, एवढं डोक्यात ठेवून बघा म्हणावं यजमानांना.

आणि रंग. पहिल्या दिवशी गाडीतून उतरल्यावर मला त्या लाल मातीने घरीच आल्यासारखं वाटलं. कारण माल तोच आहे: हेमॅटाइट. ज्या लोहामुळे आमच्या घरातल्या बादल्या, पडदे, माझ्या शर्टांच्या बाह्या वर्षानुवर्षं लाल राहिल्या, तेच लोह. फरक एवढाच की आपल्या खनिजात ते निम्म्याहून जास्त असतं आणि तिथे वाळूच्या कणावर नुसता मुलामा. तो बघायला तुमच्या मुलाला सँड ड्यून आर्चला न्या. दोन भिंतींच्या बोळातून आत शिरायचं, आत दिवसाही बरीच सावली आणि गार, मऊ, केशरी वाळू. मुलं बूट काढून टाकतात, काढू द्या. मी तिथे तळहातावर चिमूटभर वाळू घेऊन भिंगाखाली धरली होती. एकेक कण गोल, राळ्याच्या दाण्यासारखा, आणि प्रत्येकावर लाल पापुद्रा. काही कणांचा पापुद्रा घासून गेलेला, आतून काचेसारखं पांढरं क्वार्ट्झ दिसत होतं. हे कण ज्युरासिक काळात वाऱ्याने लोटत आणले. तर वाऱ्याचं श्रेय एवढंच, सामान आणून टाकण्याचं.

बघून झालं की वाळू तिथेच झाडा. पार्कातून खडा, काटकी, काहीही उचलायला मनाई आहे. आयुष्यभर दिसेल तो दगड पिशवीत टाकून, त्यावर नंबर घालून घरी आणणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं ते बायकोला विचारा. खोलीवर आल्यावर तिने माझ्या पँटची घडी उलगडून खिसे तपासले होते.

वाट सोडून चालू नका, ते मात्र केवळ नियम म्हणून नाही. मातीवर काळपट, फोडाफोडांची साय दिसेल, करपलेल्या खरवडीसारखी. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ असं सगळं मिळून वाळू बांधून ठेवतात, पाणी धरतात. एक पाऊल पडलं की चुरा, आणि परत यायला कित्येक दशकं. आपल्या सड्यावर (जांभ्याच्या माळावर) पहिल्या पावसानंतर जे हिरवं पांघरूण येतं ते दर वर्षी येतं म्हणून आपल्याला त्याची किंमत नाही. खडकातल्या खळग्यांत पाणी साचलेलं दिसलं तर मुलाला त्यात हात घालू देऊ नका. सड्यावरच्या डबक्यांसारखंच त्यातही पाणी असेतोवर जगून घेणारे बारके जीव असतात, आणि आपल्या अंगावरचं सनस्क्रीन त्यांना मारतं.

डेलिकेट आर्चची वाट जिथे सुरू होते तिथे एक लाकडी खोपट आहे. जॉन वेस्ली वुल्फ नावाचा, अमेरिकेच्या यादवी युद्धात पाय जायबंदी झालेला माणूस १८९८ला ओहायोहून मुलाला घेऊन इथे आला आणि गुरं पाळून राहिला. १९१०ला परत गेला. खोपटापासून थोड्याच सपाट चालीवर खडकावर कोरलेली चित्रं आहेत: घोड्यांवर बसलेली माणसं, शिंगवाल्या मेंढ्या, कुत्रे. इथल्या मूळच्या यूट लोकांची. घोडे स्पॅनिशांबरोबर आले, म्हणून ती १६५० ते १८५०च्या दरम्यानची मानतात. गोव्यात कुशावतीकाठी उसगाळीमळला आपण जांभ्या खडकावरच्या कोरीव बैलांवर, हरणांवर पाणी ओतून ती बघतो. इथे पाणी ओतायचं काम नाही आणि परवानगीही नाही. खडकाच्या पृष्ठभागावर मँगनीज आणि लोहाचा काळा थर चढलेला असतो, तो टोचून काढला की खालचा फिका दगड दिसतो. सासूबाईंना हे दाखवाच. मला वाटतं, कमानींपेक्षा त्यांना हेच आवडेल.

मुलासाठी माहिती केंद्रावरून ज्युनियर रेंजरची पुस्तिका घ्या. कोडी सोडवायची, चित्रं काढायची, मग रेंजर हात वर करून शपथ घ्यायला लावतो आणि बिल्ला देतो. गाडीतले सहा तास त्यातच जातील.

मोआबमधून पार्काकडे जाताना कोलोरॅडो नदीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला एक मोठं मोकळं आवार लागतं. इतर प्रवासी तिकडे बघत नाहीत, मी प्रत्येक वेळी बघतो. १९५२ला चार्ली स्टीन याला या भागात युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि फळबागांचं हे गाव रातोरात खाणवाल्यांचं झालं. खनिजातून युरेनियम वेगळं काढणारी गिरणी या आवारात होती, ती १९८४ला बंद पडली. मागे उरला १ कोटी ६० लाख टनांचा किरणोत्सारी डंप, म्हणजे टाकाऊ मालाचा ढीग, थेट नदीच्या काठी. २००९पासून तो रेल्वेने भरून पन्नासेक किलोमीटर लांब नेऊन पुरायचं काम सुरू झालं. आज मोआबमध्ये ज्या हॉटेलात उतराल, ज्या दुकानातून टोपी घ्याल, ते सगळं खाणी गेल्यानंतरचं. डिचोलीच्या बाजारात बसून मी यावर तासभर बोलू शकतो, पण तुम्ही ते विचारलेलं नाही.

दोन-चार बारीक गोष्टी राहिल्या. वाटेवरच्या संडासांत पाणी नसतं, हात स्वच्छ करायला काहीतरी जवळ ठेवा. मोबाइलला आत रेंज फारशी मिळत नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. गाडीची टाकी मोआबलाच भरा. दुपारी ढग जमले आणि गडगडलं तर उघड्या खडकावरून लगेच खाली या, आणि कोरड्या ओढ्यात उभं राहू नका. लांब कुठे पडलेला पाऊस तिथून एकदम येतो. पहिल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर लगेच निघू नका. गाडीचे दिवे बंद करून पंधरा मिनिटं थांबा. चंद्र नसला तर आकाशगंगा अशी दिसते की सासूबाईंना त्यांच्या लहानपणचं, वीज यायच्या आधीचं अंगण आठवेल. हे पार्क २०१९पासून अधिकृत काळोख्या आकाशाच्या यादीत आहे.

आणि भिंग घेऊन जा. दहापट मोठं दाखवणारं मिळालं तर उत्तम, नाहीतर दप्तरातलं साधं चालेल. पण मुलाच्या गळ्यात दोरीने अडकवा, खिशात देऊ नका, सँड ड्यून आर्चच्या वाळूत वस्तू पडली की सापडत नाही. मी तिथून काही आणलं नाही, पण एकतीस वर्षं वापरलेलं माझं भिंग तिथेच कुठेतरी आहे.